निसटलेला 'द'

शिडीवर चढलेल्या माणसाला खालून हाक मारू नये, एवढं मला कळतं. पण बोर्ड वाचला आणि तोंडातून निघूनच गेलं—

"अहो... बांधू नका ते. खाली उतरा."

चैत्राचा वारा सुटला होता. मारुतीच्या देवळापुढे आमच्या गावचा हरिनाम सप्ताह बसला होता, त्याचा तिसरा दिवस. मांडवाचं कापड फुगत होतं, बसत होतं. पारायणाला बसलेल्या बायका एका हाताने पोथीचं पान दाबून दुसऱ्या हाताने पदर सावरत होत्या. आणि मांडवाच्या तोंडाशी लावलेल्या फ्लेक्सचा एक कोपरा सुटून नुसता नाचत होता. तो धरायला एक माणूस शिडीवर चढला होता. निळा शर्ट, बाह्या वर सारलेल्या, बांधायची तार दातांत धरलेली. पांढरे, सरळ, ठाम दात. काय करू, हल्ली मला माणसाचे दातच आधी दिसतात. चेहरा मागून येतो.

त्याने तार हातात घेतली. "मला म्हणता का?"

"तुम्हालाच."

"ताई, आत्ता नाही बांधला तर हा उडत आष्टीला जाईल."

"जाऊ द्या. चुकीचा आहे तो."

हे मात्र त्याला लागलं. सावकाश उतरला, हात झटकले आणि बोर्डाकडे बघत म्हणाला, "आमच्याकडं चुकीचं छापत नाहीत. फार तर एखादा काना राहतो." मग बोट फिरवत मोठ्याने वाचलं, "'कुमारी सत्यशीला ढवळे यांच्या संतसेवा निधीस सढळ हाताने मदत करावी, ही नम्र विनंती.' खाली पैसे पाठवायचा चौकोन. यात काय चुकलं?"

"मी दंतसेवा सांगितलं होतं."

"तेच तर लिहिलंय. संतसेवा."

"संत नाही हो. दंत."

"हां. संत."

आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. त्याला वाटत होतं ही बाई आपली चेष्टा करतेय, आणि मला वाटत होतं हा माझी. शेवटी मी जे दोन वर्षांत कुठल्या परक्या माणसासमोर केलं नव्हतं ते केलं. तोंडावरची ओढणी खाली घेतली, वरचा ओठ उचलला आणि बोट दाखवलं.

"हे. हे जे नाहीत ना, ते."

लोक अशा वेळी एकतर झटकन नजर वळवतात, नाहीतर बघतच राहतात. त्याने पाहिलं, आणि मग सरळ माझ्या डोळ्यांत पाहिलं. चेहरा उतरला त्याचा.

"म्हणजे... व्हॉइस मेसेज तुमीच पाठवला हुता? मला वाटलं एखादी म्हातारी—" तो थांबला. खिशातून मोबाईल काढला आणि माझ्याच आवाजातला माझा निरोप मला ऐकवला. मी उशीला टेकून, तापात, दमत दमत बोलले होते. ऐकलं आणि मलाच कळलं. कुठेही 'दंत' नव्हता. स्वच्छ, खणखणीत 'संत' होता.

वरचे पुढचे चार दात नसले की 'द'ला जीभ टेकायला जागाच राहत नाही. हवा मधूनच निसटते आणि 'द'चा 'स' होतो. मला माहीत होतं. पण आपल्या कानाला आपला जुनाच आवाज ऐकू येत असतो. सवयच ती.

"चूक माझी हाय," तो म्हणाला. नंतर मला कळलं, हा गोंधळला की त्याचं दुकानातलं 'आहे' सुटतं आणि घरचं 'हाय' बाहेर येतं. "एक फोन करून विचारायला पाहिजे हुतं."

"चूक तुमची नाही. त्या 'द'ची आहे," मी म्हणाले. "नाव काय तुमचं?"

"कानिफनाथ. जामखेडला स्टँडमागं फ्लेक्सचं दुकान हाय."

"नावातच कान आहे, आणि ऐकू हे असं येतं होय?"

तो हसला नाही. हसावं की नाही, हे त्याला ठरवता येईना. तेवढ्यात माझ्या कुर्त्याच्या खिशात मोबाईल टुणकन वाजला. कोणीतरी पैसे पाठवले होते. खाली निरोप होता— संतांच्या चरणी.

तीन दिवस हा मोबाईल असाच टुणटुण वाजत होता. मी अंथरुणात पडल्या पडल्या प्रत्येक आवाजाला हात जोडत होते. वाटत होतं, किती माया आहे गावाची माझ्यावर. आणि ती माया माझ्यावर नव्हतीच.

*

आता थोडं मागचं सांगते, म्हणजे तुम्ही बुचकळ्यात पडणार नाही.

मी कीर्तन करायचे. मोठी नव्हते कोणी. आसपासच्या वाड्या-गावांतून, कोणाच्या वर्षश्राद्धाला, कधी सप्ताहातल्या एखाद्या दिवशी. पण उभी राहिले की माझी मी राहायचे नाही. टाळ वाजायला लागले, मृदंगाने पहिली थाप दिली की वाटायचं, जन्माला आल्याचं आज चीज झालं. वडील गेले, आई त्याआधीच गेलेली. आक्काबाई आत्याने मला वाढवलं आणि तिनेच मी नऊ वर्षांची असताना मला वीणेशेजारी नेऊन उभं केलं.

चार वर्षांपूर्वी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होऊ लागलं. मग तोंड सुकायला लागलं. पाण्याशिवाय भाकरीचा घास उतरेना. सांधे धरले. नगरच्या मोठ्या डॉक्टरांनी रक्त तपासून सांगितलं, शोग्रेन. म्हणजे शरीर आपल्याच लाळेवर आणि आपल्याच आसवांवर उठतं. गोळ्या घेत राहायचं, जपून राहायचं. बरा होऊन जाणारा आजार नाही हा. लाळ नाही म्हटल्यावर दात किती दिवस तग धरणार? भिंतीचा गिलावा पडावा तसे पुढचे चार दोन वर्षांत गेले.

कवळी करून पाहिली. पण कवळीलाही ओल लागते टिकून बसायला. जवळच्याच एका गावात कीर्तन रंगात आलं होतं, निरूपण अगदी टोकाला, आणि कवळी सुटली. मी ती तळहातावर झेलली, तसेच हात जोडले, डोळे मिटले आणि मृदंगवाल्याला मानेने खूण केली. त्याने गजर उचलला. लोकांना वाटलं, ताईंना भरून आलं. पुढच्या रांगेतल्या बायका रडल्या. मी त्या दिवशी घरी आले आणि पुन्हा कीर्तनाला उभी राहिले नाही.

नगरच्या दातांच्या डॉक्टर फरहीन मॅडम म्हणाल्या, "सत्यशीला, तुझ्या तोंडात कवळी चालणार नाही. हाडात दोन स्क्रू बसवायचे आणि त्यांच्यावर चार दातांचा पूल. मग तू कितीही बोल." खर्च माझ्या आवाक्याबाहेरचा होता. सरकारी कार्ड दाखवलं तर कळलं, त्यात काळीज बसतं, किडनी बसते, दात बसत नाहीत.

सप्ताहाच्या कमिटीचे प्रमुख काकासाहेब, वडिलांचे मित्र. त्यांना दया आली. म्हणाले, मांडवापाशी बोर्ड लाव, येणारा-जाणारा देईल काहीबाही. "पर 'दात' नको लिहू, सत्ये. देवाच्या दारात बरं दिसत न्हाई. 'दंतसेवा' लिही. भारदस्त वाटतंय." मलाही तेच हवं होतं. 'दात' लिहायची लाज मलाही वाटतच होती. सप्ताहाच्या तोंडावरच ताप भरला, बोटं सुजली, टाइप करता येईना. म्हणून आवाजी निरोप पाठवला. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

*

कानिफनाथने बोर्ड उतरवून गुंडाळला, तोवर काकासाहेब मांडवातून तरातरा आले.

"का उतरवला? चांगले पैसे यायलेत की."

मी सांगितलं. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, आत बघितलं, पुन्हा घातली.

"मग काय बिघडलं?" आवाज खाली आणून ते म्हणाले. "तू बी हरिदासच हायस. तुझी सेवा म्हंजी संतसेवाच की गं. कोन इचारतंय?"

"मी विचारतेय, काका."

"तू गप बस. दात बसले की कीर्तनं कर, फिटलं मग देवाचं."

खोटं कशाला सांगू, क्षणभर मला ते पटलं. आलेल्या पैशांत आणखी थोडी भर पडली असती तर दोन्ही स्क्रू बसले असते. श्रावणात मी कीर्तनाला उभी राहिले असते. घरी आत्यानेही तेच म्हटलं, "देवानंच 'द'चा 'स' केला आसंल. त्याची करनी आपल्याला काय कळती?" मी रात्रभर विचार केला नाही, उगाच सांगत नाही, औषधाने मला झोप येते. पण सकाळी पोथी उघडली आणि वाचवेना. ज्यांच्या नावाने पैसे आलेत, त्यांचंच वाचायचं, आणि त्यांच्याच पैशाने दात बसवून पुन्हा त्यांचंच गायचं. जीभ अडखळली असती माझी, बत्तीसच्या बत्तीस दात असते तरी.

सकाळीच मोबाईलवर कानिफनाथचा नमुना आला. नवा बोर्ड, फुकट. वर कमळ, मधे 'दंतोपचारार्थ साहाय्य'.

मी लिहिलं, 'कमळ काढा. शब्द सोपा करा.'

दुसरा नमुना आला. 'दंतनिधी'.

'अजून सोपा.'

बराच वेळ काही नाही. मग फोनच आला. "ताई, याच्यापेक्षा सोपं म्हणजे... दात."

"तेच लिहा. 'सत्यशीलाला दात बसवायचे आहेत.'"

"एवढंच?"

"एवढंच."

"'दात' केवढा ठेवू?"

"मारुतीच्या गदेएवढा."

पलीकडे तो पहिल्यांदा हसला. चांगलं होतं ते हसू... दबकं, नाकातून निघालेलं. फोन ठेवल्यावरही थोडा वेळ माझ्या कानात राहिलं.

पाचव्या दिवशी संध्याकाळच्या कीर्तनाआधी मी माइक मागितला. काकासाहेबांनी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि माझ्याकडे बघून मिटलं. दोन वर्षांनी मी त्या जागी उभी होते. समोर सारा गाव. घसा आधीच कोरडा, त्यात भीतीने जीभ टाळूला चिकटलेली. बाटलीतून घोट घेतला.

"रामकृष्ण हरी," मी म्हणाले. "बोर्डावर संतसेवा आलं ते चुकून आलं. ते पैसे मी माझ्या दातांसाठी मागितले होते. आजाराने माझे दात गेलेत—"

मांडवात कुजबुज. कोणाला काही कळत नव्हतं. मागून कडूबाईचा, गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईचा, आवाज आला, "सात? सात काय गेलं, बाई?"

"सात नाही आजी. दात."

"आगं सात काय पर? शेरडं?"

कोणीतरी फिसकन हसलं. माझे कान तापले. आणि तेवढ्यात मांडवाच्या कडेने काहीतरी वर आलं. कानिफनाथ नवा बोर्ड बांधायला आणून बाजूला उभा होता. त्याने तो दोन्ही हातांनी डोक्यावर धरला होता. त्याच्या छातीपासून वर सगळा बोर्डच. आणि बोर्डावर मावेल तेवढा मोठा, लाल रंगातला 'दात'.

"दात म्हनती व्हय ती," कडूबाई म्हणाली. "मंग आसं सांग की."

सारा मांडव हसला, आणि त्यांच्याबरोबर मीही हसले. तोंड न झाकता. मग पुढचं सोपं झालं. मी सांगितलं— ज्यांनी संतांसाठी दिले त्यांनी आपापले परत घ्या. कोणी नाही नेले तर ते इथल्या अन्नदानात जातील. माझ्या दातांसाठी द्यायचे असतील तर नव्याने द्या. नाही दिलेत तरी राग नाही.

दुसऱ्या दिवशी पारापाशी मी आणि कानिफनाथ पैसे परत द्यायला बसलो. माझी बोटं दुखत होती म्हणून मोबाईल त्याच्या हातात. आत्या समोर हरभरे निवडत बसली होती, म्हणजे निवडत कमी आणि बघत जास्त. बऱ्याच जणांनी पैसे परत घेतले. एकाने तर घेताना माझ्याकडे पाठ केली. वाईट वाटलं, पण त्याचे होते, त्याने नेले. काहींनी हात हलवून नको म्हटलं. कडूबाई काठी टेकत आली, कनवटीची वीस रुपयांची नोट काढून माझ्या हातावर ठेवली.

"संतांला दिलेलं मागारी घेत नस्त्यात. ह्ये तुझ्या दाताचं येगळं."

मी तिच्या पायाला हात लावला. उठले तर कानिफनाथ दुसरीकडे बघत होता, शर्टाच्या बाहीने नाक पुसत.

"धूळ हाय लई," तो म्हणाला.

*

जमलं ते पहिल्यापेक्षा कमीच जमलं. उरलेल्यासाठी मी गावातल्या मुलींना पेटी शिकवायला लागले. आषाढ संपता संपता दोन स्क्रूंचे पैसे झाले. पुलाचे नंतर बघू, असं फरहीन मॅडमच म्हणाल्या.

नगरला जायच्या पहिल्या दिवशी जामखेड स्टँडवर कानिफनाथ उभा. "मलाबी नगरलाच जायचंय. फ्लेक्सचे रोल आणायला."

पुढच्या खेपेलाही त्याचे रोल संपलेले. त्याच्या पुढच्याही. तिसऱ्या खेपेला फरहीन मॅडमनी खुर्चीच्या दिव्यामागून डोळे बारीक करून विचारलं, "बाहेर बसलेत ते रोलवाले ना? जामखेडमध्ये निवडणूक आहे का काही? केवढा फ्लेक्स खपतोय."

माझ्या तोंडात कापसाचे बोळे होते म्हणून बरं.

गाडीत आम्ही बोलायचो. मी दोन वाक्यं बोलले की घोट घ्यावा लागे. त्याच्या ते लक्षात आलं, आणि मी बाटली उघडली की तो आपणहून काहीतरी सांगायला सुरुवात करायचा. दुकानातला प्रिंटर कसा अडला, नवरदेवाच्या नावाऐवजी सासऱ्याचं नाव कसं पडलं. झाकण लावलं की थांबायचा. कोणी शिकवलं त्याला हे, कोण जाणे.

"मी सगळ्या महाराजांचे फोटो मोठे करतो," एकदा तो म्हणाला, "पण कीर्तनात बसलो की मला झोप येते. तुम्हाला राग येईल."

"राग कशाला? तुम्ही कानाने ऐकता म्हणून झोप येते. पायाने ऐका. पाय आपोआप हलला की समजायचं, लागलं कीर्तन."

"आणि तुम्ही? आता कीर्तन नाही, तर करमतं कसं?"

मी खिडकीबाहेर बघितलं. बाजरी पोटऱ्यात आली होती. "नाम घेते. एक गंमत सांगू? 'द' जातो, 'थ' जातो, 'स'चं काही खरं नाही. पण 'विठ्ठल' म्हणायला पुढचे दात लागतच नाहीत. 'पांडुरंग' नाही, 'हरी' नाही. सगळं टाळूवर आणि ओठांवर. देवाने आपलं नाव असं ठेवलंय की ते कोणाच्या तोंडातून पडू नये."

मग त्याने दोन्ही ओठ आत ओढून दात झाकले, अगदी बोळक्या म्हाताऱ्यासारखं तोंड केलं आणि हळूच म्हणून पाहिलं. विठ्ठल. खरंच आलं. पुन्हा म्हणून पाहिलं. शेजारच्या बाकावरची बाई आमच्याकडे बघायला लागली आणि मी ओढणीत तोंड घालून इतकी हसले की पोटात कळ आली.

त्या दिवशी घरी आल्यावर आत्या ताटात भाकरी कुस्करून दूध घालता घालता म्हणाली, "त्यो पोरगा तुला ताई म्हनायचा ना गं?"

"म्हणतो की."

"न्हाई म्हनत. पंचमीपासून न्हाई म्हनत. तुला सोडाया येतो तवा म्या ध्यान ठिवलंय."

मी आठवून पाहिलं. खरंच, कुठल्यातरी खेपेला, कुठल्यातरी फाट्यावर त्याचं 'ताई' गळून पडलं होतं. आणि मला ते कळलंही नव्हतं... की कळलं होतं?

*

मार्गशीर्षात स्क्रू तपासायचा दिवस आला. फरहीन मॅडमनी दिवा जवळ घेतला, एका स्क्रूवर टिचकी मारली, दुसऱ्यावर मारली. पुन्हा दुसऱ्यावर. मग त्यांनी तोंडावरचा मास्क खाली केला, आणि मला कळलं.

"डावीकडचा हाडाने धरला नाही," त्या म्हणाल्या. "तुझी चूक नाही, बेटा. तुझ्या आजारात होतं कधीकधी. काढावा लागेल. चार महिने जखम भरू दे, पुन्हा लावू. माझी फी घेणार नाही मी. सामानाचा खर्च तेवढा..."

म्हणजे पुन्हा जमवाजमव. पुन्हा पेटी. पुलाचे पैसे आणखी लांब. आणि हाड पुन्हा नाही म्हणालं तर?

कानिफनाथने काही विचारलं नाही. माझा चेहरा बघून हातातली पिशवी घेतली. परतीची गाडी वाटेतल्या कडा गावी पोहोचली आणि बंद पडली. दुसरी येईपर्यंत आम्ही स्टँडसमोरच्या टपरीच्या बाकड्यावर बसलो. त्याने बिनसाखरेचा चहा सांगितला. दुपारचं हिवाळी ऊन होतं, समोर एक माणूस पेरूंची पाटी मांडत होता. मी ओढणीचं टोक डोळ्यांवर दाबलं.

"रडताय का?" त्याने हळूच विचारलं.

"रडतेय," मी म्हणाले. "दिसत नाही एवढंच. माझ्या डोळ्यांत पाणी येत नाही. नुसती आग होते."

मग माझ्या पिशवीतली डोळ्यांच्या थेंबांची बाटली त्याने शोधून काढली, हात चहाच्या टपरीवरच्या पाण्याने धुतले, रुमालाला पुसले. "वर बघा."

मी वर बघितलं. एक थेंब, दुसरा थेंब. गार. डोळे मिटले तसे ते गालांवर ओघळले, हनुवटीपर्यंत आले. किती वर्षांनी माझ्या गालांवरून पाणी वाहत होतं. मी पुसलं नाही. त्यानेही पुसलं नाही, फक्त बाटलीचं झाकण फार सावकाश लावत राहिला.

"मला तुमच्याशी लग्न करायचं हाय," तो झाकणाकडे बघत म्हणाला.

चहावाल्याची पळी पातेल्यावर वाजत होती. मी घोट घेतला. या वेळी तो मधे काही बोलला नाही.

"आज का विचारता? आज तर सगळं मोडलंय माझं."

"म्हणूनच आज. दात बसल्यावर विचारलं असतं तर तुमच्या मनात किडा राहिला असता... की हा दातांची वाट बघत हुता."

"कानिफनाथ," मी म्हणाले. नावातला 'थ' निसटला, निसटू दिला. "हा आजार जाणार नाही. वर्षातून चार वेळा मी अशी पडते की उठून पाणी घेता येत नाही. गोळ्या जन्मभर. मूलबाळ... डॉक्टर म्हणतात जपून, विचारून. उरलेले दातही जातील एकेक. तुम्ही नीट विचार केलाय का?"

"केलाय. रोल आणायला एवढ्या खेपा केल्या, तेवढ्यात दुसरं काय करणार?" तो पहिल्यांदा माझ्याकडे वळला. "गाडीत तुमी बोलता आणि थांबता. तुमी थांबला की मी बोलतो. मला वाटतं, असंच जन्मभर चालावं. बाकीचं जमंल तसं करू. जमणार न्हाई ते देवावर."

"घरी सांगितलंय?"

"आईला सांगितलं. सगळं. ती म्हणली, दात न्हाईत तर भाकरी मऊ करू, त्यात काय."

त्याच्या आईला, रंगुबाईंना, मी एकदाच पाहिलं होतं, दुकानात, कात्रीने फ्लेक्सच्या कडा कापताना. त्या बाईने हे किती सहज म्हटलं असेल, ते मला दिसलं.

"माझी एक अट आहे," मी म्हणाले.

"सांगा."

"दातांचे पैसे मी जमवणार. पेटी शिकवून, नाहीतर पुन्हा मांडवापुढे उभी राहून. तुमच्या दुकानातला एक रुपया त्यात नको. लग्न दोघांचं. दात माझे."

त्याने बराच विचार केला. खोटं हो म्हणायचं नव्हतं त्याला, ते दिसत होतं. "बरं," शेवटी म्हणाला. "पण नगरला सोबत मी येणार. रोल न्हाई सांगणार आता."

"यायचं."

"म्हणजे... हो समजू?"

"आत्याला येऊन विचारा. ती हो म्हणायला टपून बसलीय. पंचमीपासून."

त्याचं सगळं तोंड हसलं. मग एकदम गंभीर होऊन त्याने मोबाईल काढला, ठेवला, पुन्हा काढला. "लग्नाचा बोर्ड मीच करणार. त्यावर तुमचा फोटो लागंल. तुमची इच्छा असंल तर... दात बसेपर्यंत थांबू. चार महिने, सहा महिने, मला घाई न्हाई."

जामखेडची गाडी आली. कंडक्टर दारातून ओरडत होता, उतरणारे उतरत होते, चढणारे चढत होते. आम्ही दोघंही बाकड्यावरून उठलो नाही. गाडी धूळ उडवत निघूनही गेली.

"थांबायचं कशाला?" मी म्हणाले. "आत्ताच काढा."

"आत्ता? इथं?"

"इथंच. ऊन चांगलं आहे."

तो उठला, चार पावलं मागे गेला, पेरूवाल्याला जरा सरकायला सांगितलं. मी ओढणीची दोन्ही टोकं पाठीमागे टाकली आणि हसले, सगळ्या तोंडाने, जेवढं होतं तेवढ्याने.

"हलू नका," तो म्हणाला.

"मी नाही हलत," मी म्हणाले. "तुमचा हात हलतोय."